पोटात पाणी डचमळायलंय, कुणाला दाखवू?

वाचकाचं पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. मी केज तालुक्यातली, वय ४१. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन लेकरं, दोन्ही वेळा सिझेरियन. सोळा दिवसांपूर्वी पुण्यात पोटाचं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचं लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, करून घेतलं. घरी फक्त मालकांना माहीत आहे. सासूबाईंना आणि जावेला बहिणीकडे चालले म्हणून सांगितलं. सहा आठवडे पोटावर दाबाचा पट्टा घालायला सांगितला होता, पण पुतणीचं लग्न आलं. साडी बसेना, आणि बायका कमरेला हात लावून बोलतात, म्हणून चार दिवस पट्टा काढून ठेवला. लग्नात वाढायचं कामही केलं. त्यानंतर अकराव्या दिवसापासून बेंबीखाली पाणी डचमळायलंय. कूस बदलली की इकडचं तिकडं जायलंय. ताप नाही, फार दुखतही नाही. पुण्याला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सूज असतेच, पुढच्या महिन्यात या. मी पाणी पिणं दोन ग्लासांवर आणलंय. सासूबाईंची बीपीची लघवीची गोळी घेऊ का? शेजारणीचा भाऊ दवाखान्यात कंपाउंडर आहे, तो सुईनं ओढून देतो म्हणतो. दाखवायला गेले तर सगळ्या गावाला कळेल. एवढे पैसे घातले, ते पाण्यात गेले का? नाव छापू नका.

उत्तर:

ताई, पत्र छापून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून तातडीचं ते तुम्हाला ईमेलवर त्याच रात्री लिहिलं. त्यातली पहिली ओळ इथंही पहिली लिहिते, कारण असंच करणाऱ्या आणखी बायका हे वाचत असतील. पाणी प्या. वाचता वाचता उठा, तांब्या भरून घ्या आणि घोट घोट प्या.

पोटाच्या कातडीखाली साठलेलं पाणी हे तुम्ही प्यालेलं पाणी नव्हे. पिणं बंद केल्यानं तो साठा एका चमच्यानंही कमी होत नाही. कमी होतं ते रक्तातलं पाणी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, अंगावर घट्ट पट्टा असताना, ऑपरेशन होऊन पंधरवडाच झालेला असताना दिवसाला दोन ग्लास म्हणजे चक्कर, मूत्रपिंडावर ताण आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा वाढलेला धोका. सासूबाईंच्या गोळीचंही तेच. ती रक्तातलं पाणी आणि क्षार लघवीवाटे बाहेर काढते. कातडीखालच्या कप्प्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. एखादी घेतली असेल तर आता थांबा, आणि डॉक्टरांना तसं सांगा. लघवीचा रंग फिकट राहील इतकं पाणी प्यायचं, एवढं माप पुरे.

आता हे पाणी आलं कुठून, ते सांगते. हे नीट कळलं की पुढची पथ्यं पाठ करावी लागत नाहीत.

लायपोसक्शनची आज सगळीकडे चालणारी पद्धत १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली. चरबी ओढायच्या आधी तिथं सलाईन, बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन यांचं मिश्रण भरपूर सोडतात. त्यानं रक्तस्राव फार कमी होतो. नंतर बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढतात. भरलेलं सगळं पाणी चरबीबरोबर बाहेर येत नाही. बराचसा भाग आतच राहतो, थोडा पहिल्या एक-दोन दिवसांत छिद्रांतून गुलाबीसर पाझरतो आणि उरलेला शरीर हळूहळू शोषून घेतं. पहिल्या दोन रात्री तुमच्या चादरी भिजल्या असतील. ते ह्याचं. म्हणूनच ऑपरेशननंतर काट्यावर उभं राहिलं की वजन कमी दिसायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं आणि बायका घाबरतात.

तुमचं पाणी मात्र त्यातलं नसावं. ते मागाहून तयार झालेलं आहे. आपल्या आज्ज्या वाकळ शिवायच्या ते डोळ्यांसमोर आणा. वरचं लुगडं, खालचं लुगडं, मधे चिंध्यांचे थर, आणि सगळ्याला धरून ठेवणारे धाव्या टाक्यांचे शेकडो दोरे. पोटाची कातडी, खालची चरबी आणि त्याखालचा स्नायू असेच बारीक तंतूंनी आणि नसांनी एकमेकांना बांधलेले असतात. लायपोसक्शनमध्ये मधला थर काढताना त्यातले कितीतरी दोरे तुटतात. वरचं कापड खालच्यापासून सुटतं, मधे पोकळी राहते. तुटलेल्या लसिकावाहिन्यांतून (मांसातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) आणि सुजलेल्या मांसातून तिथं गव्हाच्या काडाच्या रंगाचं पातळ पाणी झिरपतं. त्याला डॉक्टर सेरोमा म्हणतात. दोन्ही थर एकमेकांवर स्थिर दाबलेले राहिले तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत चिकटतात, पोकळी बुजते, पाण्याला जागाच उरत नाही. वरचा थर खालच्यावर सारखा घसरत राहिला तर चिकटलेलं पुन्हा सुटतं.

तुम्ही पट्टा काढला ते चार दिवस नेमके चिकटण्याचे होते. त्यात पंगतीत वाकून वाढणं झालं. म्हणून मला सेरोमाचीच दाट शंका येते. तो सहसा पहिल्या दोन आठवड्यांतच कळून येतो आणि कूस बदलल्यावर लाटेसारखा सरकतो. साधी सूज अशी सरकत नाही. ती सगळीकडे सारखी, कणकेसारखी लागते, बोट दाबून काढलं तर खड्डा राहतो आणि उठल्याबसल्यावर खाली उतरते. (मांड्यांच्या मधल्या नाजूक जागी सूज आली असेल, तर तीही पाणी वरून खाली उतरल्यानंच येते आणि बहुतेकींची आपोआप ओसरते. हे कुणी आधी सांगत नाही आणि बायका लाजेनं विचारत नाहीत, म्हणून कंसात का होईना लिहिते.) रक्त साठलं असेल तर ते बहुधा पहिल्याच दिवसांत कळतं. जागा टणक होते, ठणकते, काळीनिळी पडते, वाढत जाते. तरीही पत्रावरून केलेलं निदान हे अंदाजच असतं. सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळेल की पाणी आहे का, किती आहे, एकाच कप्प्यात आहे की दोन-तीन.

सेरोमा झाला म्हणजे सर्जनची चूक झाली असं नाही, आणि तुम्ही पट्टा काढला म्हणून सगळा दोष तुमचाही नाही. पट्टा अखंड घालणाऱ्या बायकांनाही तो होतो. लायपोसक्शननंतर होणारी ही ओळखीची तक्रार आहे आणि वेळेत पाहिली तर ती बरी होते.

आता शेजारणीच्या भावाबद्दल. नाही. ह्या प्रश्नावर मी तडजोड करायला तयार नाही. तो माणूस चांगलाही असेल, त्याचा हातही हलका असेल. पण ह्या घडीला तुमच्या पोटातलं पाणी निर्जंतुक आहे, आणि जंतूंना वाढायला याहून चांगलं खाद्य नाही. एक अस्वच्छ सुई आत गेली की दोन दिवसांत ते पाणी पू होऊ शकतं. सुटलेल्या कातडीखाली पू पसरायला आडकाठी कशाचीच नसते. शिवाय तुमची दोन सिझेरियन झाली आहेत. जुन्या व्रणांजवळ आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीत शिरलेला, म्हणजे हर्निया, असू शकतो आणि तो हाताला नेहमी लागतोच असं नाही. सुई कुठं आणि किती खोल घालायची हे त्याला कोण सांगणार? मी तीस वर्षं जनरल सर्जरी केली. घरी टोचलेल्या साध्या गळवाचं पुढं काय काय होतं ते मी टेबलावर पाहिलेलं आहे. तुम्हाला त्या टेबलावर पाहायचं नाही मला.

मग कुणाकडे जायचं? पहिला फोन पुण्यालाच. पण रिसेप्शनशी बोलून फोन ठेवायचा नाही. तुम्हाला पुढच्या महिन्यात या म्हणणाऱ्या मुलीनं तुमचं पोट पाहिलेलं नाही, आणि ऑपरेशनचे पैसे घेतलेल्या दवाखान्यानं असं उत्तर देऊ नये. हे वाचताना मला राग आला. शांतपणे पण न हलता म्हणा, ‘लायपोसक्शनला सोळा दिवस झाले आहेत, बेंबीखाली पाणी जमलंय, लाटेसारखं हलतंय. मला सर्जनशी आजच बोलायचं आहे.’ तेच वाक्य संदेश म्हणून डॉक्टरांच्या नंबरावर पाठवा, तारखेसकट. तपासणीच्या आणि पाणी काढण्याच्या फेऱ्या ठरलेल्या रकमेत आहेत का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी असतात. विचारण्यात संकोच नको.

पुण्याला जाणं दोन-तीन दिवसांत जमणार नसेल तर अंबाजोगाई तुम्हाला जवळ आहे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जरी विभाग आहे. लातूरला आणि छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिक सर्जनही आहेत. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या डॉक्टरांचं तुमच्या पुण्याच्या सर्जनशी फोनवर बोलणं करून द्या. किती चरबी काढली, कोणत्या भागातून, आत नळी ठेवली होती का, हे त्यांना कळलं की काम निम्मं होतं. आणि गावाला कळेल ही भीती? डॉक्टरांना रुग्णाची गोष्ट बाहेर सांगता येत नाही, तो त्यांच्या पेशाचा नियम आहे. ओळखीचं कुणी भेटलंच तर पोटाची सोनोग्राफी हे काही लपवण्यासारखं कारण नाही. मुतखड्यापासून पित्तापर्यंत कशासाठीही माणसं ती करतात.

तिथं काय होईल तेही सांगते, म्हणजे धसका राहणार नाही. साठा थोडा असेल तर सर्जन कदाचित काहीच काढणार नाहीत. पट्ट्याखाली फोमची चकती ठेवतील, दाब वाढवतील आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतील. लहान सेरोमा शरीर स्वतः शोषून घेतं. साठा जास्त असेल तर जागा स्वच्छ करून, निर्जंतुक सुई-सिरिंजनं पाणी ओढतील. तुमची तिथली कातडी अजून बधिर असेल, म्हणून दुखणं फार नसतं. निघालेलं पाणी पिवळसर किंवा फिकट गुलाबी असलं तर ठीक. गढूळ असलं, वास आला तर तपासणीला पाठवतील.

एकदा काढून बहुधा भागत नाही, हे मात्र मनाशी धरून ठेवा. विहिरीचा उपसा केला तरी झरे चालू असतात, रात्रीतून पुन्हा पाणी चढतं. म्हणून काही दिवसांच्या अंतरानं दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा सुई लावावी लागते. दर वेळी आकडा उतरत गेला की समजायचं, झरे आटायला लागले. दर वेळी तेवढंच निघत राहिलं तर सर्जन बारीक नळी घालून ठेवतात, म्हणजे पाणी साठण्याआधीच बाहेर येतं आणि थर चिकटायला वेळ मिळतो. काढल्यावर लगेच पट्टा चढवायचा, हे सुईइतकंच महत्त्वाचं. नुसतं काढून कप्पा मोकळा ठेवला तर काय होणार ते विहिरीवरून तुम्हीच ओळखाल. आणि उशीर करू नका म्हणते ते ह्यासाठी की महिनोन् महिने पाणी राहिलं तर कप्प्याला आतून गुळगुळीत अस्तर धरतं. मग थर चिकटतच नाहीत, औषध आत सोडून किंवा छोटं ऑपरेशन करून ते अस्तर काढावं लागतं. आज जे सुईनं भागेल त्यासाठी तेव्हा भूल घ्यावी लागेल.

प्रवासाचं एक. केजहून पुणं म्हणजे अख्खा दिवस बसून जाणं. गाडीत पट्टा घालूनच बसा. तासा-दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी पावलं वरखाली करत राहा, पाणी प्या. लघवीला जागा मिळत नाही म्हणून वाटेत पाणी न पिणं ही आपल्या बायकांची जुनी सवय आहे. ह्या वेळी ती मोडा.

आता पट्टा. तो पुन्हा नेमानं घाला, पण त्याआधी फोनवर सर्जनना विचारा की आत्ता कोणत्या मापाचा आणि किती घट्ट. सर्वसाधारणपणे पहिले दोन-तीन आठवडे दिवसरात्र आणि पुढं काही आठवडे निम्मा दिवस असं सांगतात. तुम्हाला सहा आठवडे सांगितलेत, तर सहा. तो घट्ट हवा, पण आत सपाट हात सरकला पाहिजे. मांडीला मुंग्या आल्या, पाय निळसर पडले, श्वास कोंडला तर तो जास्तच घट्ट आहे. आडवं पडून घालणं सोपं जातं. काढताना बसून काढा, कारण दाब एकदम सुटला की काहींना घेरी येते.

आणि परकराची नाडी! पट्ट्यावरून नाडी आवळून साडी नेसली तर तिथं दिवसभर दोरीचा काच बसतो. नाडीच्या वर पाणी अडतं, नाडीखाली कातडीत खोबण पडते, आणि ह्या दिवसांत पडलेली खोबण कधी कधी कायमची राहते. पट्ट्याला सुरकुती पडली तरी असंच होतं. दीड महिना गाऊन घाला, शाळेत जायची वेळ आली तर सैल इलॅस्टिकचा पंजाबी ड्रेस. साडीचा आग्रह झाला तर नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या.

आपल्या उन्हात हा पट्टा म्हणजे शिक्षाच, मान्य आहे. दोन पट्टे ठेवा, एक धुतला की दुसरा. आत पातळ सुती बनियन, घडी न पडता. अंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी करा, छिद्रांच्या जागी पावडर नको. दुपारी कूलरसमोर पडून राहणं हे ह्या महिन्यात आळशीपणात मोजायचं नाही. घामोळ्यांनी जीव नकोसा झाला तर सर्जनना तेच सांगा, ते वेगळ्या कापडाचा पट्टा किंवा तासांची सवलत देतील. स्वतःच्या मनानं चार-चार दिवस काढून ठेवू नका, एवढंच.

हंड्याचं कसं करायचं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागातल्या बाईला ‘वजन उचलू नका’ असं सांगणं किती सोपं आणि पाळणं किती अवघड, हे मला माहीत आहे. टँकर आला की घरातली प्रत्येक बाई कळशी घेऊन धावते, आणि जी धावत नाही तिच्याकडे सगळे बघतात. पण १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो पाणी आणि वर हंड्याचं वजन. तो उचलताना पोटाचा स्नायू आवळतो, वरची कातडी त्यावर घसरते, वाकळीचे नवे दोरे पुन्हा तुटतात. कुरडया-पापडांचं वाळवणही ह्याच दिवसांतलं. उकिडवं बसून चीक घाटणं, गच्चीवर पाट वाहून नेणं, यंदा तुमच्याकडून होणार नाही. चालणं मात्र रोज. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी, सावकाश, सपाट रस्त्यानं. पडून राहिलं तर सूजही उतरत नाही आणि पायात गुठळीची भीती असते.

शेकायचं नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, तव्यावर तापवलेलं फडकं नाही, मिठाची पुरचुंडी नाही, वीट नाही. ह्यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. तुमच्या पोटाची कातडी काही आठवडे, कधी काही महिने, बधिर राहते. चटका बसलेला कळत नाही. एका बाईनं रात्री पिशवी पोटावर ठेवून झोप काढली आणि सकाळी फोड घेऊन माझ्याकडे आली. तिला काहीच जाणवलं नव्हतं. बर्फाचंही तसंच, थेट कातडीवर नको.

चोळून घेणंही नको. बाळंतपणात अंग रगडणाऱ्या मावशी असतात, त्यांच्या हातात गुण असतो. पण ती मालिश इथं उलटी पडेल. लसिकेचा निचरा करणारी एक अगदी हलक्या हाताची मालिश असते, डेन्मार्कच्या एमिल वोडर यांनी ती १९३० च्या दशकात रूढ केली. त्यात कातडी फक्त हळुवार ताणतात, रगडत नाहीत. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून, सर्जननी हो म्हटल्यावरच ती करायची. सर्वांगाच्या सुजेला तिनं आराम पडतो. कप्प्यात साठलेलं पाणी मात्र तिनं जात नाही. आणि छिद्र दाबून पाणी बाहेर काढून देते म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका.

जेवणाचं थोडक्यात: लोणचं, पापड, ठेचा यांचं मीठ कमी केलं तर साधी सूज लवकर उतरते, सेरोमावर त्याचा परिणाम नाही. भाकरीबरोबर दाट वरण, मटकी-हरभऱ्याच्या उसळी, दही, चालत असेल तर अंडी. जखम प्रथिनांनी भरते. हे दोन महिने कडक उपवास धरू नका, देवी समजून घेईल. दुखणं वाढलं तर मेडिकलवरून मनानं गोळ्या आणू नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

पुढचं सगळ्यात नीट वाचा आणि मालकांनाही वाचायला द्या. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थंडी वाजणं, पोटाची कातडी लाल-गरम होणं, छिद्रातून पू किंवा घाण वास, जागा झपाट्यानं फुगणं: त्याच दिवशी डॉक्टर. दिसतं त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त असेल, कातडी जांभळी-काळपट पडली, फोड आले, तर तासही घालवू नका, तो वेगानं पसरणारा जंतुसंसर्ग असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, तर तेव्हाच. अचानक दम लागला, छातीत दुखलं, भोवळ आली, तर १०८ ला फोन. पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

आणि इथंच तुमच्या झाकून ठेवण्याची मला भीती वाटते. समजा, असा दम लागला आणि तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलात. घरात फक्त सासूबाई. डॉक्टर विचारतील, काही झालं होतं का? त्या म्हणतील, काही नाही हो, बहिणीकडे जाऊन आलीय. पंधरवड्यापूर्वी ऑपरेशन झालंय हे कळलं तर डॉक्टर पहिल्या मिनिटाला गुठळीचा विचार करतील. नाही कळलं तर ऊन लागलंय, अशक्तपणा आलाय, असं करत तास निघून जातील. म्हणून डिस्चार्ज कार्डचा फोटो मालकांच्या आणि तुमच्या मोठ्या लेकराच्या फोनमध्ये ठेवा, छापील कार्ड पर्समध्ये. कोणत्याही डॉक्टरापुढे काहीही लपवायचं नाही, घेतलेली गोळीसुद्धा.

घरच्यांपुढे सगळं सांगावं असं मी म्हणणार नाही. तुमचं शरीर, तुमच्या पगाराचे पैसे. ते योग्य केलं का, हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही आणि मीही तो काढत नाही. पण खोटं न बोलता घरात मोकळीक मिळवता येते. ‘पुण्याला पोटाचं छोटं ऑपरेशन झालंय. दीड महिना पट्टा घालायचा आहे आणि वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केलीय.’ ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आपल्याकडे सासवा बोलतात, पण पोटाचं ऑपरेशन म्हटलं की त्याच सासवा हातातली कळशी काढून घेतात. दोन सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाचं ऑपरेशन हे कुणाला नवल वाटण्यासारखंही नाही. कसलं ऑपरेशन, असं खोदून विचारलं तर ‘डॉक्टरांनी आराम सांगितलाय’ एवढ्यावर थांबा. आणि हे वाक्य तुम्ही बोलू नका, तुमच्या मालकांना बोलू द्या. गुपितात ते भागीदार आहेत, तर हंड्यातही व्हावं. टँकर आला की त्यांनी उठायचं.

पैसे पाण्यात गेले का? आज सांगता येणार नाही, आणि आरशात पाहून तुम्हीही ठरवू नका. बरीचशी सूज तीन-चार आठवड्यांत ओसरते, हाताला लागणाऱ्या गाठी आणि कडकपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत मऊ पडतो, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. सेरोमा वेळेत आवरला तर त्या आकारावर बहुतेक वेळा परिणाम होत नाही. बाळंतपणांनी सैल झालेला स्नायू मात्र लायपोसक्शननं घट्ट होत नाही, कारण त्यात फक्त चरबी निघते. पोट थोडं पुढं राहिलंच तर त्याचं कारण हे असू शकतं. त्याबद्दल सर्जनशी नंतर बोला, आत्ता नाही.

उद्या सकाळी पुण्याला फोन, परवापर्यंत सोनोग्राफी. पहिल्या वेळी किती मिली पाणी निघालं तो आकडा तारखेसह डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून घ्या. दुसऱ्या वेळी सुई लावताना डॉक्टर तोच आधी विचारतील.